राखीव नमुन्यांची खोली

चकती उडदाच्या डाळीएवढी होती आणि गव्हाळ रंगाच्या सात छटांमध्ये मिळायची. केतकी देउळगावकरची छटा तिसरी. एप्रिल उजाडून जालन्याच्या उन्हाने कानामागची कातडी रापली की ती चौथी मागवायची, आणि दिवाळीच्या सुमाराला पुन्हा तिसरीवर यायची. अठरा वर्षांत यात एकदाही चूक झाली नव्हती. डाव्या कानामागे, केस संपतात तिथे, चकती अशी बेमालूम बसे की शेजारच्या टेबलावर पाच वर्षं काम केलेल्या बाईलाही ती कधी दिसली नाही. केतकी केस मानेवर सैल बांधी. उंच अंबाडा तिने लग्नानंतर कधी घातलाच नव्हता.

चकती थरथरायची ती तीनदा. जरा थांबून पुन्हा तीनदा. त्यानंतर साधारण चाळीस मिनिटं हातात असत.

मेंदूतल्या पेशी एरवी आपापल्या कामापुरते विजेचे बारीक संदेश सोडत असतात. कार्यक्रम सुरू होण्याआधी सभागृहात माणसं आपसात कुजबुजत असतात, तसं ते चाललेलं असतं. फिट येते तेव्हा यातल्या लाखो पेशी एकाच तालात ओरडू लागतात आणि त्या गदारोळात शरीराचा ताबा सुटतो. हे अकस्मात होतं असं डॉक्टरांनाही पूर्वी वाटे. पण ताल जुळायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किंचित बदलतं, घामातून निघणाऱ्या वायूंचं प्रमाण बदलतं. काही पाळीव कुत्री धन्याला फिट येण्याआधीच अस्वस्थ होत, ती या वासाने. 'चाहूल' नावाच्या या चकतीने कुत्र्याचं नाक, नाडी पाहणारं बोट आणि मेंदूचा आलेख काढणारं यंत्र अशी तिन्ही कामं एका डाळीएवढ्या जागेत आणली. ती फिट थांबवत नसे. पाचातली एक सूचना रिकामीही जाई. उरलेल्या चार खऱ्या ठरत.

फिट थोपवायला नाकात मारायचा फवारा होता. केतकीने तो दोनदा वापरून पाहिला. दोन्ही वेळा संध्याकाळपर्यंत जीभ जड राहिली, शब्द अडखळले आणि चारचौघांनी काय झालं म्हणून विचारलं. त्यापेक्षा दार लावून पडून राहणं बरं होतं.

चाहूल आली तेव्हा किती घरांमध्ये आनंद झाला असेल! बायका न घाबरता गॅसपाशी उभ्या राहू लागल्या, पोरं पोहायला शिकली. मोठ्या कचेऱ्यांमध्ये 'विसावा' नावाच्या छोट्या खोल्या झाल्या. आत एक गादी, एक उशी. पन्नासपेक्षा कमी माणसं असतील तिथे मात्र त्यांची सक्ती नव्हती. हळूहळू रस्त्यात, वर्गात, लग्नाच्या मांडवात कुणी पडेनासं झालं. आणि कुणी पडेनासं झाल्यावर पडणाऱ्याबद्दल वाटणारी कणवही आटत गेली. एकेकाळी फिट येणं हे नशीब मानत. आता लोकांसमोर फिट येणं हा बेशिस्तपणा मानू लागले. वेळ मिळाला होता ना, मग बाजूला का नाही गेलात?

केतकी नेहमी बाजूला जात आली होती. सोळाव्या वर्षी पहिली फिट आली तेव्हापासून आईने तिला तेच शिकवलं. "लग्न होऊ दे, मग सांगू," असं आई म्हणाली होती. लग्न झालं आणि पाठोपाठ चाहूल आली. मग आई म्हणाली, "आता सांगायचं तरी कशाला? कळणारच नाही कुणाला." बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या तेव्हा नवऱ्याला कळलं. श्रीपाद भला माणूस. तो म्हणाला, "मला काही वाटत नाही गं. फक्त माझ्या आईला कळू देऊ नकोस." सासूबाई गेल्याला चार वर्षं झाली होती. आता तो म्हणायचा, "अन्वीची दहावी तेवढी होऊ दे."

घरी आणि कामावर तिच्या आजाराचं नाव अर्धशिशी होतं.

*

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी बीजपरीक्षण प्रयोगशाळेत केतकी बावीस वर्षं काम करत होती. आता ती वरिष्ठ विश्लेषक होती. कपाशीच्या प्रत्येक नमुन्यातल्या चारशे बिया घ्यायच्या, शंभर-शंभरच्या चार रांगांत ओल्या कागदावर मांडायच्या, कागदाची गुंडाळी करून उबदार कपाटात ठेवायची. चौथ्या दिवशी पहिली मोजणी, बाराव्या दिवशी शेवटची. प्रत्येक अंकुराला जागा ठरलेली: सुदृढ, सदोष, मृत. शंभरात पंचाहत्तर सुदृढ निघाले की ते बियाणं बाजारात जायला मोकळं.

तपासून झालेल्या प्रत्येक नमुन्यातलं मूठभर बियाणं पुढे वाद झालाच तर हाताशी असावं म्हणून जपून ठेवत. ती राखीव नमुन्यांची खोली. दहा बाय बाराची, जाड दाराची, आतून थंड. तिची एकच चावी होती आणि ती वरिष्ठ विश्लेषकाकडे राही. मागच्या मांडणीआड केतकीने योगासनांची एक चटई उभी करून ठेवली होती. चाहूल वाजली की ती म्हणे, "मी जरा नमुने बघून येते," आणि आतून कडी लावी. तासाभराने बाहेर येई तेव्हा कपाळावर बाम चोळलेला असे.

त्या मंगळवारी तिची चाहूल दहा पन्नासला वाजली. हातातली गुंडाळी मोजून संपवायची तिला सवय होती. ती संपवून, आकडे लिहून ती उठली, तेव्हा अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती. कार्तिकी खरात समोर येऊन उभी राहिली.

कार्तिकी चोवीस वर्षांची, मंठ्याहून आलेली, कंत्राटावरची सहायक. सात महिन्यांत तिची मोजणी केतकीच्या मोजणीशी दोनाच्या फरकाने जुळायला लागली होती. एवढी तयार नजर केतकीने फार थोड्या पोरांमध्ये पाहिली होती.

"मॅडम, माझी चाहूल वाजलीय," कार्तिकी म्हणाली. पाण्याची टाकी रिकामी झालीय हे सांगावं, तशा आवाजात. "राखीव नमुन्यांच्या खोलीची चावी देता का? खाली टाकायला ओढणी आहे माझ्याकडे. कशालाच हात नाही लावणार."

केतकीने आधी आजूबाजूला पाहिलं. कुणी ऐकलं का, एवढंच तिच्या मनात आलं. बेसिनपाशी सफाईच्या लीलामावशी ट्रे धूत होत्या, नळ मोठा सोडलेला होता.

"तुला... कधीपासून?"

"सातवीत होते तेव्हापासून. फॉर्मवर लिहिलंय की मी." कार्तिकी हसली. "घाबरू नका मॅडम, पाच मिनिटांचं काम असतं."

केतकीच्या कोटाच्या खिशात चावी होती. तिचं बोट चावीच्या कड्यात अडकलेलं होतं. तिच्या स्वतःच्या चाळीसातली सोळा मिनिटं संपली होती.

"चावी गिराम सरांनी घेतलीय," ती म्हणाली. "सर संभाजीनगरला गेलेत."

"अच्छा." कार्तिकीने क्षणभर विचार केला. "मग घरी जाते. गेटपासवर सही लागेल तुमची, मी पास घेऊन येते लगेच."

पास खालच्या मजल्यावर मिळे. ती पास घेऊन वर आली तेव्हा केतकी टेबलावर नव्हती. ती राखीव नमुन्यांच्या खोलीत, आतून कडी लावून, डाव्या कुशीवर पडली होती.

आत नेहमीसारखा सरकीचा आणि औषध लावलेल्या बियांचा उग्र वास होता. केतकी मांडणीवरचे नमुना क्रमांक वाचत राहिली. फिट येण्याआधी तिला जिभेवर गंजक्या लोखंडाची चव येई. तिची वाट पाहत ती पडून राहिली. साडेअकरा वाजले. चव आली नाही. पावणेबारा वाजले. सूचना रिकामी गेली असावी, पण तासभर थांबायचा तिचा नियम होता.

अकरा शेहेचाळीसला जाड दारापलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज झाला. मग काच फुटली. मग लीलामावशींची किंकाळी.

केतकी उठून बसली. तिला सगळं कळलं. आणि तरी ती चार मिनिटं तिथेच बसून राहिली. तिची स्वतःची अजूनही येऊ शकते, दार उघडलं आणि सगळ्यांसमोर आली तर, असं ती मनाशी म्हणत होती. दहा बाय बाराच्या खोलीत एका चटईशेजारी दुसरी ओढणी सहज मावली असती. हे तिला दिसलं ते तेव्हा, त्या चार मिनिटांत, रिकाम्या फरशीकडे पाहताना.

बाहेर एकोणतीस माणसं गोल करून उभी होती आणि मध्ये कार्तिकीला झटके येत होते. त्या माणसांपैकी निम्म्यांनी जन्मात फिट पाहिली नव्हती. ज्यांनी पाहिली होती त्यांना लहानपणी पाहिलेलंच आठवत होतं. कुणी डब्यातला कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला होता, कुणी चप्पल काढून हुंगवत होतं, दोघं तिचे हात दाबून धरत होते. भांडारातल्या टाकसाळ्यांनी दातखिळी सोडवायला स्टीलचा चमचा घातला होता. वरचा पुढचा दात अर्धा तुटून हनुवटीवर रक्त आलं होतं.

"सोडा तिला!" केतकी ओरडली. बावीस वर्षांत तिचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. तिने चमचा काढला, काचा पायाने दूर सारल्या, कार्तिकीला कुशीवर वळवलं, आपला कोट काढून डोक्याखाली घातला. झटके थांबले. पोरगी घोरल्यासारखा श्वास घेऊ लागली.

"अगं माय, तुम्हाला कसं हो समदं ठावं, मॅडम?" लीलामावशींनी विचारलं. त्यांच्या हातात अजून कांदा होता.

"वाचलं होतं कुठेतरी," केतकी म्हणाली.

*

"तुमच्याकडे कुणी पडलं म्हणे आज," जेवताना श्रीपाद म्हणाला.

"पडलं म्हणजे?" अन्वीने फोनवरून नजर उचलली.

"एका मुलीला फिट आली," केतकी म्हणाली.

"ई! सगळ्यांसमोर? चाहूल नव्हती का लावली तिने?"

"लावली होती. बेचाळीस मिनिटं आधी वाजली."

"मग?" अन्वीने हातातला घास खाली ठेवला. "बेचाळीस मिनिटं म्हणजे किती होतात, आई! आमच्या वर्गातली ती एक मुलगी बघ, गुपचूप उठून विसाव्यात जाते, तास संपला की परत येते. कुणाला काही त्रास नाही. आपल्यामुळे बाकीच्यांना कशाला घाबरवायचं? तुझं डोकं दुखतं तेव्हा तूही आत जाऊन पडतेस ना? काही तमाशा करतेस का?"

"अन्वी, ताटात लक्ष दे," श्रीपाद म्हणाला.

केतकीने लेकीच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. पोरीच्या बोलण्यात खोडसाळपणा नव्हता. पंधरा वर्षं या घरात तिने जे पाहिलं, ते ती बोलली होती.

अन्वी झोपायला गेल्यावर ओट्याशी उभं राहून केतकीने श्रीपादला सगळं सांगितलं. चावीचंही. तो बराच वेळ ओला कपडा पिळत राहिला.

"आणि तुझी आलीच नाही?"

"नाही. रिकामी गेली."

"म्हणजे तू बाहेर असतीस तरी..." त्याने वाक्य सोडून दिलं. "चौकशी होईल का?"

"होईल."

"चावी मागितली होती हे दुसऱ्या कुणी ऐकलंय?"

"नळ चालू होता."

"मग आठवत नाही म्हण," श्रीपाद अगदी मायेने म्हणाला. "खोटं नको बोलूस. फक्त आठवत नाही म्हण."

*

गुरुवारी गिराम सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. प्रयोगशाळेचे प्रमुख होते ते. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, कटकट नको असलेला माणूस. त्यांच्यापुढे कार्तिकीचा जबाब होता.

"मॅडम, ही पोरगी लिहिते की तिने तुमच्याकडे चावी मागितली आणि ती माझ्याकडे आहे असं तुम्ही म्हणालात. आता माझ्याकडे ती चावी जन्मात कधी आलेली नाही. म्हणजे स्वतःच्या अंगावर येऊ नये म्हणून पोरीने गोष्ट रचली. नाही का?"

केतकीने जबाबाकडे पाहिलं. सुवाच्य, तिरपं अक्षर. कुठेही तक्रारीचा सूर नव्हता. 'चावी उपलब्ध नव्हती, गेटपासवर सही मिळू शकली नाही, म्हणून मी जागेवर बसून मोजणी चालू ठेवली,' असं लिहिलं होतं. मोजणी चालू ठेवली! त्या अर्ध्या तासातला कार्तिकीचा कागद केतकीने नंतर पाहिला होता. चाळीसपर्यंतचे आकडे बिनचूक होते. पुढे पेन्सिलीची एक लांब रेघ.

"मागितली होती का तिने?"

"आठवत नाही, सर," केतकी म्हणाली. "कामाच्या गडबडीत होते."

"झालं तर." गिराम सरांनी टोपण लावलं. "सोमवारी चौधरी बाई येतायत मुख्य कार्यालयातून. नियमात सरळ आहे, सूचना मिळूनही बाजूला न गेल्यास जबाबदारी कर्मचाऱ्याची. कंत्राट संपवून टाकू. तुम्ही बसा फक्त सोबत."

शनिवारी दुपारी कार्तिकी आपला डबा आणि पांढरा कोट न्यायला आली. बोलताना ओठ दाबून धरत होती. तुटका दात दिसू नये म्हणून असेल, किंवा दुखत असेल.

"मॅडम, मला कुशीवर तुम्हीच वळवलं ना? लीलामावशी सांगत होत्या. थँक यू." तिने केतकीचा कोट धुऊन, इस्त्री करून आणला होता. "रक्ताचा डाग थोडा राहिलाय. मीठ लावून पाहिलं मी."

"राहू दे गं."

"एक विचारू? तो चमचा बघूनसुद्धा तुमचा हात थरथरला नाही म्हणे. तुमच्या घरात कुणाला आहे का?"

केतकीने कोटाची घडी उगाचच पुन्हा घातली. "नाही," ती म्हणाली.

"सॉरी, सहज विचारलं. माझे अप्पा म्हणतात, लपवलं की दोन आजार होतात, एक फिटेचा आणि एक धाकाचा. म्हणून आम्ही सगळीकडे लिहूनच टाकतो." ती पुन्हा ओठ न उघडता हसली. "त्याने नोकऱ्या जातात, ते वेगळं. सोमवारी यायचं नाही म्हणत होते अप्पा. पण मला खोटारडी म्हणाले ना गिराम सर, त्याचं वाईट वाटतंय. बाकी काही नाही. तुम्हाला आठवलं तर सांगा ना मॅडम, चावीचं. आठवलं तरच."

ती गेल्यावर केतकी राखीव नमुन्यांच्या खोलीत गेली. चाहूल वाजलेली नव्हती, तरीही गेली. मांडणीवर बारा वर्षांचे नमुने पाकिटांत बंद होते. ही इतकी जपणूक कशासाठी, तर कधीतरी कुणी विचारलं की खरं काय होतं, तेव्हा दाखवता यावं. तिने किती वेळा नव्या पोरांना हे समजावून सांगितलं होतं.

घरच्या कॅलेंडरवर ती पेन्सिलीने बारीक ठिपके करत असे. अठरा वर्षांचे ठिपके सांगत होते की तिच्या मेंदूला सव्वीस-सत्तावीस दिवसांची लय आहे, आणि त्यातले पाच-सहा दिवस जोखमीचे. अशी लय पुष्कळ रुग्णांमध्ये असते. का असते ते अजून पुरतं कळलेलं नाही. मंगळवारी जी आली नाही ती अजून यायची होती. त्यात मंगळवारपासून तिला धड झोप नव्हती, आणि अपुरी झोप ही या आजाराला जणू हाक मारते. सोमवारी रजा टाकावी, हे शहाणपणाचं होतं. श्रीपादही तेच म्हणाला.

तिने रजा टाकली नाही. पण काही बोलायचं ठरवूनही ती गेली नव्हती. खरं सांगायचं तर सोमवारी सकाळी केस बांधताना तिने चकती नीट झाकली गेली की नाही हे आरशात दोनदा पाहिलं.

*

बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं. एका बाजूला चौधरी बाई आणि गिराम सर, समोर कार्तिकी, टेबलाच्या टोकाला केतकी. दारापाशी स्टुलावर लीलामावशी, साक्षीसाठी.

"बेचाळीस मिनिटं," चौधरी बाई चाहूलचा नोंदपट पाहत म्हणाल्या. आवाज मऊ होता. "बेटा, आम्ही काही शत्रू नाही तुझे. पण तू जागेवर बसूनच राहिलीस. काचेची भांडी, दिवे, एवढी माणसं... कुणाला लागलं असतं तर?"

"मलाच लागलं, मॅडम," कार्तिकी म्हणाली.

लीलामावशींनी पदर तोंडाला लावला. "लेकराचा दात गेला की हो बाई. आमीच अडाणीपणा केला. कांदा मीच फोडला."

"मावशी, तुम्हाला विचारल्यावर बोला," गिराम सर म्हणाले.

कार्तिकीने पर्समधून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "मी राजीनामा आणलाय. काढून टाकलं असं पुढच्या ठिकाणी लिहायला नको. फक्त चावीबद्दल मी खोटं बोलले असं अहवालात घालू नका. एवढंच मागते."

"अगं, पण मॅडमना आठवत नाही तर आम्ही..." गिराम सरांनी केतकीकडे हात केला.

तेव्हा चकती थरथरली. तीनदा. जरा थांबून पुन्हा तीनदा.

केतकीचा हात आपोआप कानामागे गेला. अठरा वर्षांत या हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. गिराम सरांनी ते पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीची काळजी आली.

"डोकं धरलं का मॅडम? जा, तुम्ही पडा जरा. आमचं झालंच आहे. सही नंतर करा."

खुर्ची मागे सारून ती उठली. सगळ्यांनी तिला वाट दिली. लीलामावशींनी स्टूल उचलून दार उघडून धरलं. बाहेर पॅसेजच्या टोकाला राखीव नमुन्यांच्या खोलीचं जाड दार दिसत होतं. ते तिच्यासाठी नेहमीच उघडं होतं. त्या मंगळवारीही होतं. कार्तिकी तिच्याकडे पाहत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसती विचारपूस होती, बरं वाटत नाहीये का मॅडम, अशी. ओठ घट्ट मिटलेले.

केतकीने कोटाच्या खिशातून चावी काढली. कड्याला नमुन्याची जुनी पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती आणि तिच्यावर, बावीस वर्षांपूर्वी, केतकी नोकरीत नवी असताना, तिच्याच अक्षरात लिहिलेला खोलीचा क्रमांक होता. तिने चावी राजीनाम्याच्या कागदावर ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अकरा एकोणीस," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा सरळ आला. "गिराम सर, मला अर्धशिशी नाही. कधीच नव्हती. सोळाव्या वर्षापासून मला फिट येतात. आत्ता माझी चाहूल वाजली."

लीलामावशींच्या हातातलं स्टूल तसंच अधांतरी राहिलं.

"त्या दिवशी चावी माझ्या खिशात होती. कार्तिकीने मागितली, आणि मी तिला खोटं सांगितलं, कारण खोली मला हवी होती. ती सहीसाठी मला शोधत होती तेव्हा मी आत कडी लावून पडले होते. मला फिट आलीसुद्धा नाही. ही पडल्याचं ऐकूनही मी चार मिनिटं बाहेर आले नाही. मला सगळं आठवतं, सर. गुरुवारीही आठवत होतं."

कार्तिकीने तोंडावर हात ठेवला.

"मॅडम," चौधरी बाई हळूच म्हणाल्या, "हे आपण नंतर लिहून घेऊ. तुम्ही आधी खोलीत जा. वेळ आहे अजून."

केतकीने केसांची गाठ सोडली, दोन्ही हातांनी केस वर घेऊन डोक्यावर बांधले, आणि पुन्हा खुर्चीत बसली.

"बारा वाजेपर्यंत येईल," ती म्हणाली. "मी इथेच थांबणार आहे. कार्तिकीला माहीत आहे काय करायचं ते. टेबल तेवढं जरा मागे सरकवा."